मिल्काला कुठे ठेवायचं

सरूबाई मुंबईहून वडशाला आल्या त्या मिल्काला कुठे ठेवायचं हे ठरवूनच. बरोबर वळकटी होती, खोबरेल तेलाचा डबा होता, पोतंभर नारळ होते. ते त्यांनी उतरल्या उतरल्या भावजयीच्या हवाली केले. ठरवलेली गोष्ट मात्र दोन दिवस पोटात ठेवली, कारण पाहुणा आल्याआल्या पोरगी घराबाहेर काढा असं म्हणत नाही, एवढी रीत त्यांना होती.

हसकेल झिराडकर हा त्यांचा धाकटा भाऊ. वडशाला स्टेशनमास्तर. गोंदियाकडून येऊन नागभीडकडे जाणारी ती छोटी लाईन. दिवसाकाठी मोजक्या गाड्या, धानाची पोती, बांबूचे भारे, आणि हिवाळ्यात नाटकं बघायला खेड्यापाड्यांतून येणारी झुंबड. झिराडकर म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. त्यांच्या धर्माचं दुसरं घर वडशात नव्हतं, थेट चांद्यापर्यंत नव्हतं. त्यामुळे गावानं त्यांच्याबद्दल बराच विचार केला होता. मराठी बोलतात, बाई लुगडं नेसते, म्हणजे हिंदू. पण घरात देव नाही, आणि मुंबईतल्या आपल्या प्रार्थनेच्या जागेला मशीद म्हणतात, म्हणजे मुसलमान. पण नावं पाद्र्याच्या पोथीतली, म्हणजे किरिस्ताव. शेवटी गाव कंटाळलं आणि 'शनवारवाले' एवढ्यावर भागवलं गेलं.

मिल्काबद्दल मात्र गावाला विचार करावा लागला नव्हता. ती 'मास्तराची येडी' होती. पहिल्या दिवसापासून.

मिल्का बारा वर्षांची. गोल चेहरा, तिरके बारीक डोळे, जाड जीभ, आखूड बोटं. चालायला उशिरा लागली, बोलायला त्याहून उशिरा, आणि बोलण्यात मूठभर शब्द, तेही घरच्यांनाच कळणारे. ती जन्मली तेव्हा एका डॉक्टरनं हसकेलला खाटेच्या बाजूला उभं करून सांगितलं होतं की अशी मुलं फार जगत नाहीत, तेव्हा जीव लावू नका. त्याला वाटलं, बाळंतीण झोपली आहे. बाळंतीण जागी होती. पुढे काही वर्षांनी तो डॉक्टरच वारला. ती बातमी आली तेव्हा एलीशबानं घरात गोडधोड केलं नाही, एवढंच.

एलीशबा, मिल्काची आई, आधीपासून तिरसट नव्हती. तिला लोकांनी तसं केलं. जो येई तो मिल्काकडे बघे आणि मग आपल्या डोक्यात जे काही असेल ते तिच्या ओसरीवर ओतून जाई. आडतदाराची बायको अन्नपूर्णा म्हणाली, ब्राह्मीचा रस द्या. कुणी मोराचं पीस आणून दिलं. शाळामास्तर गुणवंतराव चहा पिऊन झाल्यावर म्हणाले की शाळेत घेतली असती, पण तिला बघून इतर मुलं तशीच करायला लागतील. त्यांच्या शाळेतली मुलं काय करत होती हे एलीशबाला माहीत होतं, फलाटावरचे शेंगदाणे रोज तीच चोरत. सगळ्यात जास्त राग तिला यायचा तो कौतुकाचा. मिल्कानं पाण्याचा पेला आणून दिला की पाहुणे मान वाकडी करून म्हणायचे, 'अगं बाई, समजतं की तिला!' पेला अर्धा सांडलेला असायचा. एलीशबाला तो सांडलेला अर्धा दिसायचा, आणि कौतुक करणारीच्या हातात फडकं द्यावंसं वाटायचं.

तिनं स्वतः मिल्काचं कौतुक कधी केलं नाही. तिनं शिंप्याकडून मिल्काच्या झग्यांना मोठाली बटणं लावून घेतली होती, आणि रोज सकाळी ती हाताची घडी घालून समोर उभी राही. बटण मिल्कानंच लावायचं. कधी बटण लागायच्या आत गोंदियाची गाडी येऊन गेलेली असे. मिल्का रडे, झगा ओढी, खाली बसे. एलीशबा उभीच. हसकेलला ते बघवत नसे, मग तो ऑफिसात जाऊन उगाच तारयंत्रासमोर बसे. जेवताना मिल्काला थांबवावं लागे, नाहीतर ती पोट फुगेपर्यंत खाई. नाक पुसायला, पायखान्यातून आल्यावर धुवायला, गाडी आली की रुळापासून लांब थांबायला, हे सगळं रोज नव्यानं शिकवावं लागे, कारण काल शिकलेलं आज तिथं असेलच असं नव्हतं. असा एकेक दिवस. त्याबद्दल कुणी विचारायला येत नसे.

हसकेलनं मात्र तिला एकच गोष्ट शिकवली होती आणि ती पक्की बसली होती. हातबोशी. बेने इस्राएलांत प्रार्थना झाली की एकमेकांच्या हाताला हात लावून मग आपलीच बोटं ओठांना टेकवतात, त्याला हातबोशी म्हणतात. मिल्काला ती फार आवडली. ती फलाटावर येणाऱ्या जाणाऱ्याला हातबोशी देई. हमालाला, गार्डाला, तिकीट न काढता उतरलेल्या बैराग्याला, एकदा बाजारात निघालेल्या बकरीलासुद्धा. लोक हसत, पण हात पुढे करत.

सरूबाईंनी हे पहिल्याच दिवशी पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं.

तिसऱ्या दिवशी हसकेल दुपारी जेवायला आला तेव्हा त्यांनी विषय काढला. मुंबईत त्यांच्या उमरखाडीतली निम्मी घरं इस्राएलला जायला निघाली होती. सरूबाईंचं घर निघालं होतं. हसकेलचा मोठा मुलगा नाथन शिकायला त्यांच्याकडेच राहत होता, त्याचंही ठरलं होतं. तिथे आपलं राज्य झालंय, सरूबाई म्हणाल्या, आपल्या लोकांत राहायचं, आपल्या लोकांत मरायचं. या जंगलात तू एकटा प्रार्थना म्हणतोस, तुझ्यामागे आमेन म्हणायला माणूस नाही. उद्या मेलास तर खांदा कोण देईल, तुझे हमाल? अडचण एकच होती. जायच्या आधी डॉक्टर तपासतात. सरूबाईंच्या ओळखीच्या एका घरात असंच पोर होतं आणि सगळं घर अडकून पडलं होतं. तेव्हा आधी मिल्काची सोय करायची, मग नाव नोंदवायचं. सोयही त्यांनीच बघून ठेवली होती. नागपूरच्या पलीकडे एका गोऱ्या बाईंनी अशा मुलांसाठी घर काढलं होतं. स्वच्छ, हवेशीर.

"म्हणजे तिला किरिस्तावांत टाकायची," एलीशबा म्हणाली.

"टाकायची काय म्हणतेस? ठेवायची. आणि तिला काय कळतं, किरिस्ताव कोण नि इस्राएल कोण."

हसकेल भात कालवत राहिला. तो मऊ माणूस होता. या गावात येऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. शुक्रवारी संध्याकाळी तो दिव्यापुढे उभा राहून प्रार्थना म्हणे. पण काही प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणताच येत नाहीत, त्या तो गाळून टाकी. बाप वारल्यावर म्हणायची प्रार्थनाही त्यातलीच. त्याचा बाप वारला तेव्हा त्याला रजा मिळाली नव्हती आणि इथे दहा माणसं नव्हती. त्यानं ती कधी म्हटलीच नाही. हे तो कुणाला बोलून दाखवत नसे, पण एलीशबाला माहीत होतं. माहीत असूनही ती त्या दुपारी म्हणाली:

"दहा माणसांत उभं राहायला मिळावं म्हणून पोटची एक सोडायची. छान हिशेब आहे, वन्सं."

सरूबाई म्हणाल्या की जीभ चालवणं सोपं असतं. तुम्ही दोघं मेल्यावर हिचं काय, याचं उत्तर दे. एलीशबा रोज पहाटे जागी होऊन छपराकडे बघत त्याचंच उत्तर शोधायची. पण नणंदेला ते सांगण्यापेक्षा तिनं ताटं उचलली.

पुढचे आठ-दहा दिवस सरूबाई बोलत राहिल्या आणि हसकेल ऐकत राहिला. नाही म्हणणं त्याला जमत नसे. हो म्हणणंही जमत नसे. एलीशबा आतून ऐके आणि तिच्या मनात नवऱ्याबद्दल तो जुना तिटकारा दाटून येई. हा माणूस आयुष्यात एकदाही स्वतःहून काही ठरवणार नाही, अशी तिची पक्की समजूत होती. शेवटी तो म्हणाला, बघून तर येऊ. बघायला काय हरकत आहे. मिल्कालाही नेऊ.

सगळे गेले. नागभीडला गाडी बदलून नागपूर, तिथून टांग्यानं बराच वेळ. एलीशबा वाटभर त्या घराची चित्रं रंगवत होती: घाण, वास, मारझोड, साखळ्या. एकदा ते दिसलं की तिथल्या तिथे नणंदेच्या तोंडावर फेकायचं, असं तिनं ठरवलं होतं.

तसलं काहीच नव्हतं. आंब्याची झाडं, चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंती, व्हरांड्यात लांब बाक, बाकावर ओळीनं बसलेली मुलं. सगळ्यांचे केस बारीक कापलेले, सगळ्यांचे झगे धुतलेले. त्या गोऱ्या बाई, तिथे त्यांना मोठ्या बाई म्हणत, सभ्य होत्या, तोडक्या मराठीत बोलत होत्या, आणि त्यांनी मिल्काकडे बघून मान वाकडी केली नाही. एलीशबाला कुठे बोट ठेवायला जागा सापडेना. तिची चीड वाढतच गेली.

मिल्का बाकावरच्या मुलांपुढे जाऊन एकेकाला हातबोशी देऊ लागली. बहुतेकांनी हात उचलला नाही. शेवटी बसलेल्या एका लहानशा मुलानं मात्र तिचा हात धरला तो धरलाच. मिल्का तिथेच उभी राहिली.

"पहिला महिना कोणी भेटायला यायचं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "आलात की त्यांना पुन्हा त्रास होतो. नाही आलात तर विसरतात. लवकर विसरतात."

सरूबाईंनी हसकेलकडे बघितलं. हसकेलनं एलीशबाकडे. एलीशबाला ती नजर ओळखीची होती. निर्णय तिनं घ्यावा, पाप तिच्या माथी जावं, आणि आपण नंतर हळहळावं. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "ठेवायची ना? मग ठेवा. तुमच्या हातानं बसवा बाकावर आणि चला."

तिला खात्री होती की त्याच्यानं होणार नाही. तो घाम पुसेल, खोकेल, पुढच्या महिन्यात बघू म्हणेल, आणि सगळे परत जातील.

हसकेल मिल्काजवळ गेला. तिला बाकावर बसवलं, तिचा झगा गुडघ्यांवर नीट केला, आणि हात पुढे केला. मिल्कानं हाताला हात लावून बोटं ओठांना टेकवली आणि बापाकडे बघून हसली. तो वळला आणि फाटकाकडे चालू लागला. मिल्का उठली नाही. बापानं बसवलं होतं, ती बसून राहिली.

एलीशबा नवऱ्यामागून चालत गेली, कारण आता थांबली असती तर नणंदेसमोर शब्द गिळावा लागला असता. टांग्यात बसेपर्यंत ती वाट बघत होती, हा आता परत फिरेल. तो फिरला नाही.

परतीच्या गाडीत सरूबाईंनी डबा उघडला. "बघितलंस ना," त्या म्हणाल्या, "रडलीसुद्धा नाही." हसकेलनं दोन घास खाल्ले. ते खाताना बघून एलीशबाला त्याची इतकी किळस आली की तिनं तोंड खिडकीकडे केलं. नागभीडला गाडी बदलताना तो फलाटाच्या टोकाला गेला आणि खाल्लेलं सगळं ओकून आला. तेही तिनं बघितलं, पण न बघितल्यासारखं केलं.

सरूबाई दुसऱ्याच दिवशी समाधानानं मुंबईला गेल्या.

भागीरथा ही लाईनवर काम करणाऱ्या लटारूची बायको. ती मास्तरांच्या घरी पाणी भरायची. मिल्कावर ती ओरडायची, तिला कामाला लावायची, तिच्या डोक्यावर लहान तांब्या देऊन विहिरीपासून चालवत आणायची. दोन वर्षांमागे ती मिल्काला कुणाला न विचारता गावातली दंडार, नाचगाण्याचा खेळ, बघायला घेऊन गेली होती. भर दुपारी नाचे नाचत होते आणि मिल्का त्यांच्यात जाऊन नाचली होती. त्यावरून एलीशबानं तिला वाट्टेल ते बोलून घेतलं होतं. भागीरथानं ते ऐकून घेतलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा नेलं.

सरूबाई गेल्या त्या सकाळी ती घागर घेऊन आली, इकडेतिकडे बघितलं.

"पोरगी कुठी हाय, बाई?"

एलीशबा म्हणाली, नागपूरकडे ठेवलंय, शिकायला.

"शिकाले?" भागीरथानं घागर उतरवली. "काय शिकवून राह्यले तिले?"

एलीशबानं सांगितलं की तुला काय करायचंय, पाणी भर. भागीरथानं पाणी भरलं. पदराला भाजलेली मोहफुलं बांधून आणलेली होती, ती तशीच परत घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून ती पाणी ओतायची आणि न बोलता जायची.

गाव मात्र बोलत होतं. जे येडी म्हणत होते ते आता हळहळू लागले. अन्नपूर्णा डोळ्याला पदर लावून म्हणाली, किती गोड पोर होती हो, फलाट कसा सुना सुना वाटतो. गुणवंतराव म्हणाले, एका अर्थी बरंच झालं, पण आईचं काळीज ते. एलीशबानं त्यांना चहा दिला नाही. पण आत येऊन तिनं भिंतीला डोकं टेकवलं, कारण या सगळ्या फुकट्यांचा तिटकारा करायची तिची सवय आता चालत नव्हती. त्यांनी नुसती बडबड केली होती. मुलगी सोडून ती आली होती. एक शब्द मागे घ्यायला लागू नये म्हणून.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं दिवा लावला. नणंदेनं आणलेलं खोबरेल होतं, एरवी जवसाचं तेल घालावं लागे. हसकेलनं मनुकांच्या सरबताचा पेला हातात घेतला आणि आशीर्वाद म्हणायला लागला. पहिला आशीर्वाद संपला की मिल्का मोठ्यानं 'आमी' म्हणायची. तिला आमेन म्हणता येत नसे. तो थांबला. एलीशबानं आमेन म्हटलं नाही. तो पेला धरून उभा राहिला.

"म्हण ना," तो म्हणाला.

"तिकडे दहा जण म्हणतील."

त्यानं पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "तूच म्हणालीस ठेवा."

"म्हणाले."

"मग?"

"मला वाटलं, तुमच्यानं होणार नाही."

हसकेल तिच्याकडे बघत राहिला. आवाज न चढवता म्हणाला, "लग्न झाल्यापासून तुला तेच वाटत आलंय. माझ्यानं काही होत नाही. त्या दिवशी तू तशीच बघत होतीस माझ्याकडे. म्हणून झालं माझ्यानं."

एलीशबा दिव्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "मी उद्या जाते."

"उद्या शब्बाथ आहे."

शब्बाथला झिराडकरांच्या घरातलं कुणी गाडीत पाय ठेवत नसे. हसकेल दर शनिवारी ड्यूटीवर असे, कारण रेल्वे शनिवारी थांबत नाही, आणि त्याची माफी तो संध्याकाळी मागे. पण स्वतः प्रवास त्यानं कधी केला नव्हता.

"गाडी तुमच्याच झेंडीनं सुटते," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी ती नागभीडच्या गाडीत बसली. हसकेल फलाटावर उभा होता. त्यानं तिच्या हातात पाण्याची सुरई दिली, मिल्काचा लोकरी स्वेटर दिला. मग त्यानं हिरवी झेंडी दाखवली.

मोठ्या बाईंना तिचं येणं आवडलं नाही. महिना झाला नव्हता. मुलगी आता रुळलीय, त्या म्हणाल्या, रडत नाही, मागत नाही, तुम्ही उगाच तिला हलवता आहात. एलीशबानं ऐकून घेतलं. मिल्का व्हरांड्यात शेंगा सोलत बसली होती. केस बारीक कापलेले, मान उघडी पडलेली. शेजारी तोच लहान मुलगा तिच्या झग्याचा कोपरा मुठीत धरून बसला होता.

"मिल्का," एलीशबा म्हणाली.

मिल्कानं वर बघितलं. ती विसरलेली नव्हती. तिनं आईला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, खालचा ओठ पुढे काढला, हनुवटी वर केली आणि तोंड फिरवून पुन्हा शेंग उचलली. एलीशबा जागच्या जागी थांबली. ते तोंड फिरवणं तिचं होतं. डॉक्टरसाठी, गुणवंतरावांसाठी, कौतुक करणाऱ्या बायांसाठी, नवऱ्यासाठी ती बारा वर्षं अशीच हनुवटी वर करत आली होती, आणि मिल्का तिच्या कडेला उभी राहून ते बघत आली होती.

ती मिल्काजवळ जमिनीवर बसली. हात धरायला गेली, मिल्कानं हात ओढून घेतला. मग तिनंही शेंगा सोलायला घेतल्या. ऊन व्हरांड्यातून सरकत अंगणात गेलं. मोठ्या बाईंनी चहा पाठवला, तो निवला. शेंगा संपल्या तेव्हा मिल्का उठली आणि कुणी काही न सांगता फाटकाकडे चालू लागली. लहान मुलगा झगा सोडेना. तिथल्या आयाबाईनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. तो रडला नाही, रिकाम्या मुठीकडे बघत बसला. एलीशबाला त्याच्यासाठी काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि या वेळी कुणाला नावं ठेवावीत हेही तिला समजेना. ती लेकीच्या मागून भराभर चालत गेली.

नाथन जाण्याआधी निरोप घ्यायला वडशाला आला. सरूबाईंनी त्याच्याबरोबर निरोप पाठवला होता की एका वेडीपायी दोन शहाण्यांनी जन्म वाया घालवलाय, त्यांचं नशीब. नाथननं तो निरोप अर्धाच सांगितला. तो चांगला मुलगा होता. बहिणीच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, तुम्ही कधी येणार? हसकेल म्हणाला, बघू. एलीशबा म्हणाली, येणार नाही, वाट बघू नकोस. मुलगा कायमचा चालला होता आणि त्याला खोटी आशा लावून देणं तिला त्याहून वाईट वाटलं. गाडी सुटल्यावर ती घरात जाऊन खूप रडली. हसकेल तिच्याजवळ येऊन बसला. ती त्याला जा म्हणाली नाही. पुढे तो दहा माणसांच्या त्या प्रार्थना गाळतच राहिला, पण आमेन म्हणायच्या जागी एलीशबा आता न चुकता म्हणे.

बापावरचा मिल्काचा राग आठवडाभरात गेला. आईवरचा गेला नाही. आईनं वाढलेलं ताट ती ढकलून देई, आईनं आणलेला झगा घालत नसे. जेवायला उठून सरळ भागीरथाकडे जाई. एलीशबाला एक दिवस भागीरथाच्या झोपडीशी जाऊन उभं राहावं लागलं. आयुष्यात ती पहिल्यांदाच तिच्या दारात गेली होती.

मिल्का आत बसून भाताची पेज पीत होती. भागीरथा सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं बाईंना बसा म्हटलं नाही.

"माझ्या हातचं खात नाही," एलीशबा म्हणाली. "काय करू?"

"राग आला हाय तिले," भागीरथा म्हणाली. "मले बी आला होता."

"किती दिवस चालणार?"

"ते मले काय माहीत. तुमची पोरगी हाय." मग तिनं सूप खाली ठेवलं. "बसा. पेज हाय थोडी."

एलीशबा बसली. तिनं पेज घेतली. मिल्कानं एकदा तिच्याकडे बघितलं आणि आपला वाडगा उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेला.

असे कितीतरी दिवस गेले. एलीशबा रोज दुपारी तिथे जाऊन बसे, तांदूळ निवडे, भागीरथाशी बोले. अन्नपूर्णानं विचारलं, मास्तरीणबाई हमालांच्या वस्तीत काय करतात, तेव्हा ती तशीच पुढे निघून गेली. उन्हं तापायला लागली होती. एका दुपारी ती पाय पसरून तुरीतले खडे काढत बसली होती, भागीरथा विहिरीवर गेली होती. मिल्का कोपऱ्यातून उठली, थोडा वेळ दारात उभी राहिली, मग येऊन आईच्या पाठीला पाठ टेकवून बसली. तोंड अजून पलीकडेच होतं. एलीशबानं मागे वळून पाहिलं नाही. मिल्का जड होती, सगळा भार टाकून बसली होती, आणि थोड्याच वेळात एलीशबाच्या कमरेला कळ लागली. ती हलली नाही. तूर निवडत राहिली.